गोंदाच्या टेबलावर कोण गेलं

सुनावणी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होती. कॉरिन हॅस्केट अर्धा तास आधीच पोहोचली. सकाळी लेकीला, टेसला, खोकल्याची उबळ आली तर उशीर नको, म्हणून तिनं घरातलं घड्याळ आदल्या दिवशीच पुढं करून ठेवलं होतं, आणि नेमकी आज टेस ठणठणीत उठली. तिला सासूकडे सोडताना कॉरिननं इनहेलर कुठल्या कप्प्यात आहे ते दोनदा सांगितलं. सासू म्हणाली, "अगं, चार वर्षं तोच कप्पा आहे. जा आता."

जिन्यात व्हर्ना स्टुकनबोर्ग बसलेली होती. वय एकसष्ट, त्यातली चौतीस वर्षं शिलाई मशीनवर. मांडीवर पर्सिमन फळाच्या पुडिंगचा डबा, दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना वाटायला.

"तोंड बघ तुझं," व्हर्ना म्हणाली. "शपथेवर बोलायचंय पोरी, पेटीत झोपायचं नाहीये."

हसायचं म्हणून कॉरिन हसली. पेटीवरचे विनोद ती आठ वर्षं ऐकत होती. कोल्टर अँड सन्समध्ये शवपेट्या बनत. खाली पत्र्याचं काम चाले, मागच्या अंगाला लाकडाचं, आणि वर शिवणखोली. तिथं सतरा बायका साटनच्या अस्तराला चुण्या घालत, उश्या भरत, आणि शेवटच्या टेबलावर गोंद फवारून ते अस्तर पेटीत बसवत. मिलर्स बेंडमध्ये असं घर नव्हतं ज्यातलं कुणी ना कुणी कोल्टरकडे कामाला नाही, आणि बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी कोल्टरच्या पेटीतून गेलेलंही होतं.

युनियन हवी की नको याचं मतदान व्हायचं होतं. पण त्याआधी गट ठरायला हवा होता: युनियन मालकाशी बोलणार ती नेमकी कुणाकुणाच्या वतीनं? पत्र्याची माणसं, लाकडाची माणसं, शिवणाच्या बायका आत. ऑफिसातल्या मुली आणि फाटकावरचे पहारेकरी बाहेर. एवढ्यावर दोन्ही बाजूंचं जमलं होतं. घोडं अडलं ते चार लीडपाशी, म्हणजे खात्याखात्यात काम वाटून देणाऱ्यांपाशी. कंपनी म्हणे, लीड म्हणजे साहेबच. युनियन म्हणे, लीड म्हणजे कामगारच, फक्त जरा जास्त राबणारा.

शिवणखोलीची लीड कॉरिन. नव्या बाईला शिकवायचं, काम तपासायचं, दर सोमवारी फळ्यावर कोण कुठल्या टेबलावर ते लिहायचं. त्याबद्दल तासाला पंचाहत्तर सेंट जास्त. बाकी सुई तिच्याही बोटात शिरायची.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी कामगार बोर्डानं तिला साहेब ठरवलं तर मत तर गेलंच, पण भीती त्याची नव्हती. युनियनसाठी शिवणखोलीतल्या सह्या तिनंच गोळा केल्या होत्या. कामगारानं सह्या गोळा केल्या तर कायदा त्याच्या पाठीशी असतो; साहेबानं केल्या तर कंपनी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवू शकते, आणि कुणाला काही विचारता येत नाही. तिचा नवरा, नील, नदीतल्या मालवाहू बार्जवर महिना महिना बाहेर, आणि त्या नोकरीला विमा नव्हता. विमा तिचा होता. टेसचा दमा त्या विम्यावर चालला होता.

गस पेटिबोन जिना चढून आला. तो युनियनचा माणूस, आधी वीस वर्षं पत्राकामात होता. बोर्डासमोर युनियनतर्फे तोच बोलणार होता.

"लक्षात आहे ना?" तो म्हणाला. "छोटी उत्तरं. विचारलं तेवढंच. तू समजावून सांगायला लागलीस की आपण मेलो."

"ही नमस्काराला पण कारण देते," व्हर्ना म्हणाली.

खोलीत लांब टेबल होतं. मधोमध बोर्डाच्या सुनावणी अधिकारी लिंडक्विस्ट बाई बसल्या, केस बारीक कापलेल्या, हातात पेन्सिल. एका बाजूला गस, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील ऍशडाउन. ते इंडियानापोलिसहून आले होते आणि इतक्या मऊ आवाजात बोलत की माणूस आपोआप पुढं झुके.

पहिली साक्ष फोरमन डिलची झाली. डिल भला माणूस. कंपनीनं बोलावलं म्हणून आला होता, पण कॉरिनबद्दल चांगलं बोलायचं हे त्यानं मनाशी ठरवलं असावं. "शिवणखोलीची मला चिंताच नाही," तो म्हणाला. "कॉरिन सगळं बघते. मी वर आठवड्यातून एकदा गेलो तर गेलो." आणि तिच्याकडे बघून तो ओळखीचं हसला. त्याच्या प्रत्येक स्तुतीवर ऍशडाउन काहीतरी लिहून घेत होते.

मग कॉरिननं उजवा हात वर करून शपथ घेतली.

गसचे प्रश्न सोपे होते. कुणाला कामावर घेता? नाही. काढता? नाही. रजा देता? नाही. कुठं जेवता? सगळ्या जेवतात तिथंच. कार्ड कुठल्या घड्याळात घालता? त्याच. छोटी उत्तरं द्यायला एवढं अवघड नाही, असं तिला वाटायला लागलं.

ऍशडाउननी एक फोटो पुढं सरकवला. डिल दर सोमवारी फळ्याचा फोटो काढून ठेवत असे, हे तिला ठाऊक होतं. ते असं टेबलावर येईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"हे अक्षर कुणाचं, मिसेस हॅस्केट?"

"माझं."

"मागच्या मार्चमधला सोमवार आहे. मेरिबेलचं नाव एका जागी खोडून दुसरीकडे लिहिलंय."

"हो. गोंदाच्या टेबलावरून उश्यांकडे."

"मिस्टर डिलनी सांगितलं म्हणून?"

डिल आपल्या बुटांकडे बघत होता. ती 'हो' म्हणाली असती तर तो 'असेल बुवा, आठवत नाही' म्हणाला असता, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की जणू तो बोललाच. टेसचा कप्पा तिच्या डोळ्यांसमोर आला. पण हात वर करून शपथ घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग मेरिबेलनं मागितलं होतं?"

"नाही. तिनं तेव्हा कुणाला सांगितलंच नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

गसनं मान अगदी थोडी हलवली. पण प्रश्न विचारला गेला होता.

"ती पोटुशी आहे म्हणून. मला दिसलं. तिनं कॉफी सोडली होती. सकाळी तीनतीनदा मोरीशी जायची. उठताना टेबलाची कड धरायची. गोंदाचा वास फार उग्र असतो, साहेब. पंखा आहे, पण तो वास हलवतो, घालवत नाही. टेसच्या वेळी मी स्वतः चार महिने तिथं उभी होते. माझं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

पुढचं ती बोलली नाही. डॉक्टर म्हणाले होते की टेसच्या दम्याचा आणि त्या गोंदाचा काही संबंध नाही. तीन डॉक्टर म्हणाले होते. तरी दर उबळीला, पोरीची पाठ चोळता चोळता, ती ते चार महिने मोजायची.

"म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलंत," ऍशडाउन म्हणाले, "स्वतः विचार केलात, आणि कुणाला न विचारता स्वतःच तिची जागा बदललीत."

"हो."

"चांगलं केलंत, मिसेस हॅस्केट. फार चांगलं केलंत."

आठ वर्षांत त्या कंपनीतल्या कुणीही तिला हे म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडून 'थँक्यू' निघून गेलं. मग तिनं गसकडे पाहिलं. गसनं पेन खाली ठेवलं होतं आणि तो दोन बोटांनी डोळे चोळत होता. आपण काय देऊन बसलो ते तिला तेव्हा कळलं. आपल्या डोक्यानं दुसऱ्याची जागा ठरवते, ती साहेब. एवढंच कंपनीला सिद्ध करायचं होतं, आणि ते तिनं आभार मानून हातात दिलं होतं.

"माझे प्रश्न संपले," ऍशडाउन म्हणाले.

लिंडक्विस्ट बाईंनी फोटो आपल्याकडे ओढला. पेन्सिलीचं मागचं टोक त्या फळ्यावरून फिरवत राहिल्या.

"मला एक विचारायचंय. मेरिबेल उश्यांकडे गेली. मग गोंदाच्या टेबलावर कोण गेलं?"

"मी."

"इथं तर व्हर्ना लिहिलंय."

"लिहिलं होतं. पण मी गेले."

"का?"

"तसं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

कॉरिन हातांकडे बघत बसली. व्हर्ना मागच्या रांगेत होती. ही गोष्ट त्या दोघींनी कधी काढली नव्हती, एकमेकींपाशीसुद्धा नाही. कॉरिनची आई गेली तेव्हा त्या पेटीची उशी व्हर्नानं शिवली होती, पगार न लावता, घरी नेऊन. अशा बाईचं नाव सरकारी कागदावर कसं घालायचं?

"मी ठरवलं," मागून आवाज आला.

लिंडक्विस्ट बाईंनी वर पाहिलं. "बाई, तुम्ही शपथ घेतलेली नाही."

"मग द्या की. मी काय पळून चाललेय?"

गस अर्धवट उठला होता. "युनियनतर्फे पुढची साक्ष व्हर्ना स्टुकनबोर्ग," तो म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याच्याकडे एकही प्रश्न तयार नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

व्हर्नानं पुडिंगचा डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि येऊन बसली.

"त्या सोमवारी काय झालं ते सांगाल?" गस म्हणाला.

"फळ्यावर माझं नाव गोंदाला. मी म्हटलं, मी नाही जात. ती म्हणाली, मेरिबेलला तिथं ठेवता येत नाही गं. मी म्हटलं, मग तुझं तू बघ, माझी फुफ्फुसं साठ वर्षांची आहेत. झालं."

"मग?"

"मग काय. तिनं तोंडाला मास्क बांधला, फवारा उचलला आणि उभी राहिली."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे. मेरिबेल रजेवर जाईपर्यंत."

आता ऍशडाउन पुढं झुकले. "तिनं तुमची तक्रार केली?"

"नाही."

"लेखी काही? ताकीद?"

"कसली ताकीद? फळ्यावरचं माझं नावसुद्धा तिनं पुसलं नाही, कुणाला कळू नये म्हणून."

"म्हणजे तुम्ही नकार दिलात आणि तुम्हाला काहीच झालं नाही."

"झालं ना. अकरा आठवडे मला तिच्या समोर घास गिळता येईना. मी माझा डबा घेऊन जिन्यात जाऊन जेवायचे." व्हर्नानं नाक पुसलं. "पण तुमच्या कागदात बसेल असलं काही झालं नाही."

लिंडक्विस्ट बाई लिहीत होत्या. ऍशडाउन खाली बसले आणि म्हणाले, आणखी काही नाही.

दुपारच्या सुट्टीत पुडिंग कॉरिनपर्यंत आलं तेव्हा डब्यात एक कोपरा उरला होता. व्हर्नानं तो चमच्यानं खरवडून तिच्या कागदी ताटलीत टाकला.

नंतरचे तीन आठवडे कॉरिन साटन शिवत होती आणि रोज घरी आल्यावर, कोट काढायच्या आधी, टपाल बघत होती. एकदा तिनं फार्मसीत विचारून घेतलं, विमा नसताना ते इनहेलर केवढ्याला पडतं. आकडा ऐकून ती म्हणाली, "सहज विचारलं."

निकाल आला तो गसच्या फोनवर, आणि त्यानं छापील प्रत जेवणाच्या सुट्टीत गाडीतळावर आणून दिली. कॉरिन ती व्हर्नाच्या गाडीत बसून वाचायला लागली. पानं बावीस होती.

"शेवट बघ आधी," व्हर्ना म्हणाली.

शेवटी यादी होती. पत्राकाम, लाकूडकाम, शिवणकाम, आणि चारही लीड: आत.

कॉरिननं श्वास सोडला. तो सोडायला इतका वेळ लागला की व्हर्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती मागं गेली, आपलं नाव असलेलं पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. बोर्डानं लिहिलं होतं की हॅस्केट यांना कोण कुठं बसावं याची जाण आहे, पण त्यांचं म्हणणं ही विनंती असते. कुणी ते ऐकलं नाही तरी त्याला काही होत नाही, आणि अशा वेळी त्या ते काम स्वतः करतात.

वाचून तिनं कागद मांडीवर ठेवले.

"काय गं? जिंकलीस ना?"

"हो." तिनं पान उलटं केलं. "आठ वर्षं मला वाटत होतं, ती खोली मी चालवते. इथं छापून आलंय, माझं कुणी ऐकायलाच नको."

"मग वाईट वाटलं होय?"

"थोडं."

व्हर्ना काचेतून बाहेर बघत राहिली. पत्राकामाची पोरं फाटकाशी सिगारेटी ओढत होती. निकाल त्यांनाही कळला असावा, कारण त्यातल्या एकानं या गाडीकडे बघून टोपी उडवली.

"डिलला मी आजवर शंभर वेळा नाही म्हटलं असेल," ती म्हणाली. "एकदासुद्धा जेवण बिघडलं नाही माझं."

कॉरिननं तिच्याकडे पाहिलं.

"तुला नाही म्हटलं आणि जिन्यात जेवले. आता हे त्या बाईच्या बावीस पानांत मावत नाही, त्याला मी काय करू."

कारखान्याचा भोंगा झाला. कॉरिननं पानं घडी करून पर्समध्ये घातली, पुन्हा बाहेर काढली आणि शेवटची यादी आणखी एकदा बघितली, नावाच्या जागी लीड हा शब्द आहे ना, नीट.

"मतदान कधी म्हणाला गस?" व्हर्नानं दार उघडता उघडता विचारलं.

"सतराला. जेवायच्या खोलीत."

"दोघी बरोबरच जाऊ," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं गाडीला कुलूप लावलं.