गुर्गीने पाव खाल्ला नाही

मोर्वारीद मावशी गेली ती सकाळी, अंगणात डाळिंबं सोलता सोलता. शहरातून आलेल्या डॉक्टरने नाडी पाहून मान हलवली. पण आमच्या ताफ्त गावात म्हाताऱ्या बायकांपुढे डॉक्टरला कोण विचारतो? माणूस गेला की नाही, हे कुत्र्याने सांगायचं असतं. छातीवर पावाचे तुकडे ठेवायचे आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा आणायचा. त्याने तुकडे खाल्ले की माणूस परलोकाच्या पुलाच्या वाटेला लागला. मग मोबेदांनी, म्हणजे आमच्या अग्यारीच्या पुजाऱ्यांनी, पुढचे मंत्र म्हणायचे.

तसा कुत्रा गावात एकच, मावशीचाच गुर्गी. एरवी कुणी कांदा सोलला तरी शेपूट हलवत येणारा अधाशी प्राणी. त्या दिवशी त्याने मावशीकडे पाहिलं, पाव हुंगला, आणि तोंड फिरवून दारात जाऊन बसला.

"अजून जीव आहे तिच्यात," सरवर काकूने निकाल दिला आणि बायका मावशीचे तळवे चोळायला लागल्या. आम्ही पाव बदलला, लोणी लावलं, वर चीज ठेवलं. गुर्गीने जांभई दिली. मोबेद जहांगीर हा बिचारा भिडस्त माणूस, तो खिडकीतून नुसता ऊन पाहत होता. सूर्य मावळल्यावर आम्ही कुणाला पोचवत नाही. मला आईच्या मागे मावशीने वाढवलं, आणि आपलं शेवटचं सगळं रीतीने व्हावं, एवढंच एक तिचं मागणं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात मोबेद म्हणाला, याचं पोट भरलेलं दिसतंय. पण त्या दिवशी आमच्या घरी चूलच पेटली नव्हती. माझी नजर भिंतीकडे गेली.

भिंतीपलीकडे हाजी यदुल्ला राहायचे. गुर्गी नुसता घसटून गेला तरी हाजी परत घरी जाऊन कपडे बदलायचे, आणि कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं किती वेळा घासायचं हे अख्ख्या मशिदीला शिकवायचे. एकदा त्यांनी गुर्गीला जोडा फेकून मारला. तेव्हा मावशी भिंतीवरून म्हणाली होती, "हाजी, मेल्यावर तुम्हालाही पूल ओलांडायचाय, आम्हालाही. आमचा पूल जुना. तुमच्या लोकांनी आमच्याकडून पूल तेवढा नेला, राखणीची कुत्री न्यायला विसरले. ती तिथेच बसलीत, आणि जोडा मारणाऱ्याला बरोबर ओळखतात." जोड्याचं तिने पदरचं घातलं होतं. हाजी आत गेले, आणि त्यानंतर कुत्र्याची तक्रार कधी आली नाही. आम्हाला वाटलं, रागावलेत.

मी त्यांच्याकडे गेले तर ते दाराआड उभेच होते. गुर्गीला काही खायला घातलंत का, असं विचारल्यावर आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग हळूच सांगितलं की रोज दुपारी मागच्या दाराने कबाब देतो, आजही दिला. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला रागावताही येईना.

"पण पोरी, पोट भरलं म्हणून तो अडलेला नाही," ते म्हणाले. "कबाबावर पावही खातो तो. पण माझ्या घरचा घास देवाचं नाव घेतल्याशिवाय कसा द्यायचा? मी रोज बिस्मिल्ला म्हणायचो. आता ते ऐकल्याशिवाय तो कशालाच तोंड लावत नाही."

"मग चला आणि म्हणा."

त्यांनी गल्लीत पाहिलं. मावशीसाठी मशिदीतले तिघेजण आमच्या दाराशी येऊन उभे होते. हाजी त्यांच्यापुढे कुत्र्याला जेवायला बोलावणार म्हणजे आयुष्यभर कमावलेली अब्रू गल्लीत ओतणार. मग टोपी नीट केली आणि माझ्यामागून चालायला लागले.

उंबऱ्याशी थांबून ते पुटपुटले. गुर्गीने नुसता एक कान हलवला.

"मोठ्याने म्हणावं लागतं," हाजी ओशाळून म्हणाले. "मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडूनच म्हणतो." आणि त्यांनी अशी खणखणीत बिस्मिल्ला म्हटली की ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. गुर्गी उठला, मावशीजवळ गेला आणि एकेक तुकडा खाऊन त्याने सगळा पाव संपवला.

बायका मोबेदाकडे बघायला लागल्या. आपल्या विधीत हे चालतं का?

"देवाच्या नावाने सुरुवात करायची रीत आपलीच," मोबेद म्हणाला. "उसनी दिली होती, आज परत आली."

एवढी अब्रू गेली तरी हाजींना राहवेना. "उसनी नाही, आम्हाला ती वरून आलीय."

"वरून येताना वाटेत आमचं घर लागलं असेल," मोबेद म्हणाला आणि मंत्र म्हणायला लागला. ऊन असतानाच आम्ही मावशीला पोचवलं.

मशिदीतले दोघे हाजींशी बोलेनासे झाले. तिसरा दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने माझ्याकडे आला आणि गुर्गीला कबाबाशिवाय आणखी काय आवडतं, ते विचारून गेला.

चौथ्या दिवशी पहाटे आत्मा पूल ओलांडतो. मी गच्चीवर उभी होते. उजाडलं तसे शेजारच्या गच्चीवर हाजी दिसले, नमाज आटोपून उभे असलेले.

"पार झाली का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच झाली."

"आमच्यात तो पूल शेवटच्या दिवशी लागतो, सगळ्यांना एकदम. आणि ही पुढे गेलीसुद्धा. कालव्याच्या पाण्याच्या पाळीतही अशीच मध्ये घुसायची." ते थोडं हसले, पण खाली जाईनात. पूल ओलांडेपर्यंत गेलेल्या माणसासाठी रडायचं नसतं, आसवांची नदी होऊन त्याच्या वाटेत आडवी येते. हे त्यांनाही ठाऊक होतं, त्यांची आईही तेच सांगायची म्हणे, कुठून आलं ते तिला माहीत नव्हतं.

"मग आता रडलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. हाजी गच्चीच्या कठड्याशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.