घटपर्णीचं पाणी

गच्चीवर आले आणि बादलीपाशी थबकलेच. पाणी कमी झालं होतं, आणि जिन्यापर्यंत ओली पावलं उमटली होती.

माझ्या घटपर्णींना बोअरचं पाणी चालत नाही. कुंभकोणमचं खारं पाणी पिऊन पहिल्या दोन मेल्या, तेव्हापासून मी पावसाचं साठवते. माशा-मुंग्या गिळणारी झाडं सोवळ्याच्या घरात नकोत म्हणून मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, त्यांना गच्चीवर धाडलं. आता कुंड्यांत पांढरी कीड शिरली, म्हणून काल संध्याकाळी मी त्या बादलीतच विषारी औषध कालवलं. आज कुंड्या बुडवायच्या होत्या. झाकण ठेवायचं काही सुचलं नाही. गुडघे धरून चालणारे मामंजी इतका जिना चढतील असं कुणाला वाटणार?

पण सकाळपासून वीज नव्हती, मोटर बंद, नळ कोरडा. आणि पाणी नाही म्हणून पूजा चुकवतील ते मामंजी कसले! थेट आभाळातून उतरलेलं, कुणी न शिवलेलं पाणी. त्यांच्या सोवळ्याला आणखी काय हवं?

खाली घंटा वाजली. म्हणजे अभिषेक झाला, आता तीर्थ. मी जिना कशी उतरले ते मला ठाऊक नाही.

ते देवापुढे बसले होते, हातात भरलेली पळी. मिशीवर एक थेंब दिसला.

“मामंजी, तुम्हीं घेतलांत काय?”

तीर्थ देऊन होईपर्यंत ते बोलत नाहीत. एकदा माझा पोरगा जिन्यावरून पडला तेव्हाही बोलले नव्हते. त्यांनी नुसतं डोळ्यांनी सांगितलं, हात पुढे कर. मला संताप आला आणि रडूही फुटलं. सोवळं-ओवळं न बघता मी त्यांचं मनगट धरलं.

“त्यांत वीष हाय. झाडांस म्हणून मींच घातलें. सांगा, घेतलांत?”

पळी ताम्हनात पडली.

“नाहीं ग,” ते पूजेत पहिल्यांदाच बोलले. “तुझी सासू गेल्यापासून पैलें तीर्थ तुला. तूं घेतल्याविना मीं कधीं घेतलों?”

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांचं मनगट सोडलं.

“पैलें तुला देणार होतों,” ते म्हणाले, आणि माझ्या रिकाम्या तळहाताकडे बघत राहिले.