मांजलपूरची हिरव्या केसांची देवी

मांजलपूरच्या एका बंगल्यातल्या पोहण्याच्या हौदाभोवती सकाळपासून माणसं दाटली होती. हातात बाटल्या, तोंडी जयजयकार. काठावर, गर्दीच्या मधोमध खुर्चीवर निरुपमाबाई बसल्या होत्या. त्यांचे पांढरे केस पोपटी हिरवे झाले होते. कोणी पायांवर डोकं ठेवत होतं, कोणी नारळ ठेवत होतं. बाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. नवरा गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

त्यांचे यजमान रमाकांतराव केमिस्ट होते. बायकोच्या गुडघ्यांना व्यायाम व्हावा म्हणून त्यांनी हौद बांधला आणि रोज चहाच्या आधी ते त्यातलं पाणी तपासायचे. आम्लता वाढली की सोडा, क्लोरीन उतरलं की क्लोरीन. ते गेले आणि महिन्याभरात हौदात शेवाळ माजलं. तेव्हा शेजारच्या मनालीने विश्वंभर महाराजांना आणलं. महाराजांनी रोज मूठमूठ 'नीलकंठ भस्म' टाकलं. शेवाळ मेलं, पाणी निळंशार झालं. बाई सवयीने पुन्हा पाण्यात उतरू लागल्या आणि त्यांचे केस हिरवे झाले. महाराजांना आयती देवी सापडली.

"साक्षात देवीने डोईवर हिरवा शालू घेतलाय," महाराज सांगत होते. "या हौदाचं तीर्थ प्या. उलटी झाली तर समजा, पाप बाहेर पडलं. नाही झाली तर पाप चिवट आहे, आणखी प्या."

म्हणजे काहीही झालं तरी महाराज बरोबरच.

त्या दिवशी तीर्थ पिऊन मनालीची चार वर्षांची सानवी ओकत सुटली आणि आईच्या खांद्यावर मान टाकून पडली.

"काकू, बघा ने, कसं सगळं निघतंय," मनाली आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत कौतुकाने म्हणाली.

बाईंनी पोरीच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांना भीती वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं.

"चार वर्षांच्या पोरीचं कसलं गं पाप?" त्या म्हणाल्या. उठून त्यांनी डॉक्टर भाचीला, शर्वरीला, फोन लावला.

शर्वरीने आल्या आल्या मायलेकींना आपल्या गाडीने हॉस्पिटलात पाठवलं. मग महाराजांच्या पुडीतलं चिमूटभर भस्म ग्लासभर पाण्यात विरघळवलं आणि त्यात एक घासलेला लोखंडी खिळा टाकला. थोड्या वेळाने खिळा लालसर होऊन बाहेर आला.

"लोखंडाचं सोनं!" महाराज ओरडले.

"सोनं नाही, तांबं," शर्वरी म्हणाली. "हे मोरचूद आहे, महाराज. शेतकरी फवारतात ते. याने शेवाळ मरतं, पाणी निळं दिसतं. पाणी आम्ल झालं की तांबं त्यात विरघळून राहतं आणि पांढऱ्या केसांवर बसून त्यांना हिरवं करतं. पोटात गेलं की उलट्या होतात. तुम्ही घेतलंत का कधी हे तीर्थ?"

"आज माझा उपवास आहे."

"काल पण उपवासच हतो," मागून कोणीतरी अर्ध्या गुजरातीत म्हणालं. बाटल्या गवतावर रिकाम्या होऊ लागल्या. महाराज फाटकाकडे सरकले.

संध्याकाळी सानवी धोक्याबाहेर असल्याचा फोन आला, तेव्हा निरुपमाबाई पहिल्यांदा रडल्या. नवऱ्यासाठीही रडल्या. मग डोळे पुसून, अजून रेंगाळलेल्या लोकांसमोर उभ्या राहिल्या.

"दुःखात माणूस काही विचारत नाही, हे असल्या लोकांना बरोबर ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून आजूबाजूच्यांनी विचारायचं. लेकराला पाजण्याआधी, यात काय घातलंय, एवढं तरी विचारायचं."