सात शेर लोखंड

मित्रांनो, चौसाळ्याच्या बाजारतळाला लागून कडबा ठेवायची एक पडवी आहे. तिच्या तुळईला गंजक्या साखळ्यांनी लटकलेला मोठा तराजू तुम्हाला दिसला, तर तो मी. मी सरळ लटकत नाही. माझं एक पारडं जमिनीला टेकलेलं आहे आणि दुसरं वर गेलेलं आहे. वरच्या पारड्यात एक तांबडी कोंबडी अंडी घालते, कारण तिथं मांजर पोचत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, हा काटा बिघडलाय. ते ऐकून मला राग येतो. मी बिघडलेलो नाही. माझ्या खालच्या पारड्यात अजून वजन आहे, आणि ते कुणी वाकून बघत नाही.

शिरूर कासारच्या शहादेव लोहाराने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून माझी दांडी घडवली. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. पारडी बाभळीच्या फळ्यांची केली. सगळं जोडून झालं तर उजवं पारडं केसभर हलकं निघालं, म्हणून शहादेवने त्याला बोटाएवढा लोखंडाचा तुकडा बांधला. त्याला पासंग म्हणतात. 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं तुम्ही म्हणता, तो हाच. मग मला गाडीत घालून चौसाळ्याला आणलं आणि मुंजाजी मापाऱ्याच्या पडवीत टांगलं.

मापारी म्हणजे बाजारात दुसऱ्यांचा माल तोलून देणारा माणूस. मुंजाजीआप्पांनी माझ्यावर चाळीस वर्षं ज्वारी तोलली, कापूस तोलला, मिरच्या तोलल्या. मिरच्यांच्या दिवशी सगळे शिंकायचे, आप्पा सोडून. तोलण्याआधी ते माझी रिकामी पारडी शेतकऱ्याला दाखवायचे आणि दांडी सरळ आहे हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. पहिलं वजन टाकताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. सगळेच मापारी तसं म्हणतात, पण आप्पांचा 'लाभ' ऐकला की समोरच्याला खरंच काही मिळाल्यासारखं वाटायचं. तहसीलचा माणूस वजनं तपासायला आला की बाकीच्यांची वजनं आधी आप्पांच्या वजनांशी लावून बघायचा. आप्पांनी कधी काटा मारला नाही, असं सारा बाजार म्हणायचा, आणि मला वाटायचं की हे कौतुक निम्मं माझंच आहे.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी माणूस गेलं. आप्पा दीड महिना अंथरुणाला खिळले. त्यांची बायको छबुबाई. तिने तुळजापूरच्या देवीला पदर पसरून नवस बोलला की माझा माणूस उठू दे, त्याच्या साठीला त्याच्या वजनाइतका गूळ तोलून गावाला वाटीन. आप्पा उठले. उठल्यावर तिने त्यांना धरून आणून माझ्या पारड्यात बसवलं. बरोबर दोन मण भरले, म्हणजे ऐंशी शेर. तेवढा गूळ नवराबायकोने पुढच्या सुगीत जमवला आणि ढेपा कणगीत ठेवून वरून लिंपून टाकलं.

पण छबुबाईने मरणाच्या वाटेवरून माणूस परत आणला होता. ती त्याला उपाशी कशी ठेवील? दूध, लोणी, तुपात भिजलेली भाकरी. आप्पा नको म्हणाले की ती रुसायची. दोन वर्षांत आप्पा अडीच मणाचे झाले. तो वीस शेराचा जास्तीचा भार सगळा छबुबाईच्या हातचा होता, आणि तो तोलताना मला कधी जड वाटला नाही.

साठी चैत्री पौर्णिमेला होती. त्याआधीच्या पावसाळ्यात पाऊस रुसला. विहिरी आटल्या, ऊस जागेवर वाळला, आणि गूळ औषधालाही मिळेना. आप्पांनी हिशेब केला. कणगीत ऐंशी शेर गूळ, आणि आपण शंभर शेर. गावातून गूळ गोळा करू असं कुणीतरी सुचवलं तर ते भडकले. बाळंतिणींच्या तोंडचा गूळ मला नको, म्हणाले. नवस तर फेडायचाच होता. मग गूळ वाढत नाही तर आपण कमी व्हावं, असं त्यांनी ठरवलं. मित्रांनो, मापासाठी माल कापतात हे मी पाहिलं होतं, पण गुळाच्या मापाने माणूस कापायला निघालेला तो पहिलाच.

कोजागिरीच्या सुमारास बीडचे एक हकीम गावात आले होते. आप्पांनी त्यांना पडवीत बोलावून विचारलं की सहा महिन्यांत वीस शेर कसे उतरवायचे. हकिमांनी नाडी बघितली. बराच वेळ बघितली.

"आप्पा, बुखारानं तुमचा दिल कमजोर केलाय," ते म्हणाले. "वजन उतरवा, जरूर उतरवा. पन बाजाराला अच्छेर. त्याच्या वर तोळाभर न्हाई."

अच्छेर म्हणजे अर्धा शेर. पौर्णिमेपर्यंत आठवड्याचे सव्वीस बाजार होते. म्हणजे तेरा शेर उतरणार आणि आप्पा सत्त्याऐंशीवर थांबणार. सात शेर जास्तच राहणार. हकीम हसून म्हणाले की असेल तेवढा गूळ ठेवा, देव काही काट्याला बसत नाही.

"देव न्हाई बसत," आप्पा म्हणाले. "मी बसतो."

जाताना हकिमांनी छबुबाईला बजावलं की दर बाजारी सकाळी यांना तू स्वतः तोल, आणि अच्छेराहून जास्त उतरले तर त्या दिवशी दूधभाकरी घाल. तिला लिहिता येत नव्हतं, पण ती मापाऱ्याची बायको होती. दर बाजारी ती वजनं मांडायची, पहिलं वजन टाकताना हळूच 'लाभ' म्हणायची, आणि पारड्यात मांडी घालून बसलेले आप्पा हसायचे.

अठरा बाजार सगळं नीट चाललं. भाकरी दोनाच्या जागी दीड, तूप बंद, संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालणं. आप्पा शंभराचे एक्क्याण्णव झाले. त्यांची धाप कमी झाली, रंग उजळला. ते आनंदाचे दिवस होते, आणि तेव्हा मला ते कळले नाहीत.

माघातल्या एका बाजारी रामकिसन नावाचा आडत्या कापूस घेऊन आला होता. चार लोकांत तो मोठ्याने म्हणाला, "आप्पा, तुळेला गूळ कमी पडला तर घाबरू नका. पासंग जरा मोठा बांधा." लोक हसले. रामकिसनच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त जीभ आवरत नसे. पण आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी त्या दिवशी राहिलेला कापूस तोलला आणि सहा वेळा माझी रिकामी दांडी तपासली. पडवीच्या दारात छबुबाई उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

पुढे जे झालं ते दोन्हीकडून मीच पाहिलं, आणि मला तोंड नाही.

त्या दिवसापासून आप्पांनी खाणं टाकलं. छबुबाईने बांधून दिलेली भाकरी ते बाजारतळ झाडणाऱ्या दगडाबाईला द्यायचे. ती विचारायची, "आप्पा, तुमाला वो?" तर म्हणायचे की माझं झालं. घोटभर ताक आणि पाण्यावर ते दिवस काढायचे. मग बाजाराच्या सकाळी, छबुबाई पाण्याला गेली की, ते एकटे येऊन स्वतःला तोलायचे, आणि अच्छेराहून जे जास्त गेलं असेल तेवढं लोखंड एका कापडी कशात, म्हणजे कमरेच्या लांबट पिशवीत, भरून तो कसा धोतराखाली कमरेला बांधायचे. फुटकी वजनं, खिळे, धावेचे तुकडे. छबुबाई येऊन तोलायची तेव्हा काटा बरोबर अच्छेर उतरलेला असायचा. ती खूश व्हायची. लोखंडाला लोखंड कळतं, मित्रांनो. मला पहिल्याच दिवशी कळलं. माझी दांडी सरळ होती, पासंग जागेवर होता, खोट माझ्यात नव्हती. ती माझ्यात येऊन बसत होती, आणि बसवणारा तोच माणूस होता ज्याने मला खरं बोलायला शिकवलं.

आणि छबुबाई? ती त्याच उरलेल्या आठ बाजारांत सात वेळा मांजरसुंब्याला भावाकडे जाऊन आली. भावजयीला बरं नाही, असं सांगून जायची. तिच्या भावाने, बबनरावाने, मुलीच्या बाळंतपणासाठी थोडा गूळ राखला होता. बहिणीच्या शब्दाखातर तो दर खेपेला शेरभर द्यायचा. ती कोसांमागून कोस उन्हात चालत यायची, आप्पा घरात नसले की तो शेर माझ्यावर तोलून बघायची आणि माझ्या मागच्या मडक्यात लपवायची. सात शेर झाले की आप्पांना घाई करावी लागणार नाही, एवढाच तिचा विचार. आधी सांगितलं तर ते परत करायला लावतील, म्हणून गप्प. ती माहेरी गेली की आप्पांना उपास करायला रान मोकळं व्हायचं. मडकं भरत होतं, कसा भरत होता, आणि मी मध्ये लटकत होतो.

चैत्री पौर्णिमेला सकाळीच अंगण भरलं. मला फुलांच्या माळा घातल्या होत्या. मला त्यांचा आनंद झाला नाही. छबुबाईने आप्पा यायच्या आधीच सगळा गूळ पारड्यात रचून वर नवं धोतर झाकलं. आप्पा आले. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल. लोक म्हणाले, आप्पा तरणे दिसतात. कमरेला त्या दिवशी काही नव्हतं. ते पारड्यात बसले आणि अलगद वर गेले. गुळाचं पारडं जमिनीवरून हललंच नाही.

लोक आधी हसले. आप्पा वर लटकत गुळाकडे बघत राहिले.

"ह्यो गूळ किती हाय?" त्यांनी विचारलं.

"सत्त्याऐंशी शेर," छबुबाई म्हणाली. "तुमच्याइतका." मग तिने वर बघितलं. "तुमी किती हायसा?"

"दोन मण."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं कित्येक दिवसांत प्रथमच नीट बघत होती, कारण इतके दिवस तिने माझ्यावर भरवसा ठेवला होता.

"मंग दर बाजारी म्या काय तोललं?"

"लोखंड," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी कणगीच्या आडोशाकडे बोट केलं.

ती आडोशाला गेली. कसा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. आप्पा म्हणाले की सात शेर गूळ उतरव, काटा सरळ कर. ती म्हणाली, "गूळ उतरायचा न्हाई. म्या तुमच्यासाटी आनलाय." आणि तिने तो कसा त्यांच्या मांडीवर ठेवला. मी सरळ झालो. सरळ होण्याची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गूळ साऱ्या गावाला वाटला गेला. दगडाबाईने आपला वाटा पदरात बांधला आणि खाल्ला नाही. आप्पांच्या भाकरी आपण खाल्ल्या हे तिला त्या अंगणात उमगलं होतं.

त्याच दुपारी आप्पा पडले. छबुबाई वाटीवाटीने दूध पाजायची, पण पोट ते घेईना. हकीम आले, नाडी बघितली, आणि त्यांनी छबुबाईला बाहेर नेऊन सांगितलं की वजन उतरल्याने काही बिघडलं नसतं, बाजाराला अच्छेर उतरलं असतं तर हा माणूस अजून वीस वर्षं जगला असता. आप्पांची खाट पडवीतच होती, माझ्यासमोर. अक्षय तृतीयेच्या सकाळी त्यांनी तिचा हात धरला.

"छबू, चाळीस वर्सांत एकदाच काटा मारला म्या," ते म्हणाले. "त्यो बी तुझ्याशी."

दुपार व्हायच्या आत ते गेले.

तेराव्यानंतर छबुबाईने तो कसा आणून आप्पांच्या पारड्यात ठेवला. माझ्या दांडीवर हात ठेवून ती म्हणाली, "तुला तरी ठाव व्हतं." मला मागायला कितीजण आले, तिने कुणाला दिलं नाही. ती होती तोवर दर बाजारी सकाळी येऊन माझ्याजवळ बसायची. मग तीही गेली. पडवीत कडबा आला, साखळ्या गंजल्या, कसा कुजून लोखंड उघडं पडलं. माझ्यासमोर 'लाभ' म्हणणारं कुणी राहिलं नाही.

मित्रांनो, मला फक्त भार कळतो. त्यात माणूस किती आणि लोखंड किती, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या घरातलं कुणी काट्यावर बसलं तर काट्याकडे एकदा बघा आणि त्याच्या तोंडाकडे दोनदा. त्याची भाकरी खरंच त्याच्या पोटात गेली का, ते विचारा. आणि कुणासाठी काही लपवून ठेवलं असेल तर ते वेळेवर सांगून टाका.

कधी इकडे आलात तर माझ्या खालच्या पारड्यातलं लोखंड तेवढं उतरवा. मला एकदा सरळ लटकायचंय. पण सगळं एकदम उचलू नका. वरच्या पारड्यात कोंबडीची अंडी आहेत. एकेक तुकडा काढा, हळूहळू, अच्छेर-अच्छेराने.