बाळ झोपलंय, गाडी हळू

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. मी एक जुना गुरुत्वमापक आहे. माझ्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग आहे आणि तिच्या टोकाला इवलंसं वजन. जमीन ज्या ओढीनं तुम्हाला धरून ठेवते, ती ओढ जराशी वाढली तरी माझी स्प्रिंग ताणली जाते. मला सतत ऊब लागते आणि धक्का मुळीच सोसत नाही. म्हणून मोजणी करणाऱ्या शास्त्रज्ञ बाई मला शालीत गुंडाळून मांडीवर घेत. ड्रायव्हरदादा मला 'बाळ' म्हणत.

आमच्याकडे ज्वालामुखीचा डोंगर होता. सकाळी कचेरीच्या आवारातल्या दगडावर माझा आकडा घ्यायचा, मग डोंगरावर मोजायचं आणि परत येऊन पुन्हा त्याच दगडावर बसायचं. बाई त्याला 'घरचा दगड' म्हणत. तिथं सकाळचा आकडा जुळला, तरच माझं दिवसभराचं बोलणं खरं.

आदल्या वर्षी घाईत ते राहून गेलं. वाटेत मला धक्का बसला होता. माझा आकडा चुकला आणि पायथ्याची वस्ती उगाच हलवली गेली. दादांची थोरली बहीण तिथंच राहायची. ती परतली तेव्हा दाराचं कुलूप तुटलेलं होतं आणि शिवणयंत्र चोरीला गेलं होतं.

त्या दिवशी डोंगरावर माझी स्प्रिंग कधी नव्हे इतकी ताणली गेली.

"जमिनीची उंची तीच आहे, तरी ओढ वाढलीय," बाई म्हणाल्या. "आत काहीतरी जड भरतंय."

"जाताना ताईला सांगतो."

"काय सांगाल? मागच्यासारखंच ना? आधी घरच्या दगडावर जाऊ."

उतारावर ताई फाटकातच उभी होती. "काय रे, बाळ झोपलंय का? चहा टाकते."

"झोपलंय. नंतर येतो, ताई."

"यंदा कुठं धाडतोस मला?"

दादा हसले नाहीत. मागून बसवाला ओरडला, "गाडी हाकतोस की पालखी?" दादांनी एकेक खड्डा जपून चुकवला. बहिणीचं घर मागं पडत होतं, आणि त्यांना वेग वाढवता येत नव्हता.

घरच्या दगडावर सकाळचाच आकडा आला.

"खड्ड्यात आदळलं नसेल कशावरून?" कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आदळलं असतं तर इथं जुळलं नसतं."

वस्ती हलवायला सांगण्यासाठी साहेबांनी फोन उचलला. तोवर दादा निघालेही होते. आमची गाडी खड्ड्यांतून धडधडत जाताना मी पहिल्यांदाच ऐकली.

ताई कुरकुरत का होईना, नवं शिवणयंत्र मांडीवर घेऊन गाडीत बसली. आठवडाभरात डोंगर फुटला. तिच्या घराच्या छपरापर्यंत राख चढली. वस्तीतले एक आजोबा मात्र मागच्या वेळचं आठवून हललेच नव्हते. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

साहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. बाईंनी पुढं पुष्कळ मुलं शिकवली. आता त्यांना नीट दिसत नाही. दादा गेले. ताईनं शिवलेली खोळ अजून माझ्या अंगावर आहे. नवी यंत्रं आली, माझी ऊब बंद झाली, आणि मी काचेच्या कपाटात आहे.

मित्रांनो, तुमच्या हाती असं यंत्र आलं तर ते जपून न्या, आणि कितीही घाई असली तरी घरच्या दगडाशी परत या. त्या आजोबांसाठी तरी. आणि कधी मला पुसायला घेतलंत, तर जरा हळू. सवय आहे मला.