तुलारामचा होकार

तुलारामला नागपूरला नेऊन ऑपरेशन करायचं की घरीच ठेवायचं, हे खुद्द तुलारामलाच विचारावं, असं सोमाजींनी भर अंगणात जाहीर केलं आणि रुखमिणीने कपाळाला हात लावला. शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी आलेले पाहुणे ओसरीवर चहा पीत बसले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमाजी म्हणजे रुखमिणीचे चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

"तुलाराम, नागपूरले जाशील का बा?"

"जाईन," तुलाराम म्हणाला.

"झालं मंग," सोमाजींनी चारी बाजूंना पाहून घेतलं.

रुखमिणीने पदर सावरला. "तुलाराम, विहिरीत उडी मारशील का?"

"मारीन."

"आन मामाजीच्या मिशा कापशील का?"

"कापीन," तुलाराम म्हणाला आणि लगेच अडकित्ता शोधायला उठला. ओसरीवर अशी काही खसखस पिकली की सोमाजींचा हात आपोआप मिशांकडे गेला.

तुलाराम रुखमिणीचा धाकटा दीर. चाळिशी उलटली होती, पण समज लहान पोरापुढे कधी गेलीच नाही. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. करडी गावातल्या कोणीही यावं आणि त्याच्याकडून शेणाची पाटी उचलून घ्यावी, असा कारभार. सासूने मरताना त्याचा हात रुखमिणीच्या हातात दिला होता. पुढे नवराही गेला आणि बोडीच्या तळ्याखालच्या धानाच्या बांध्यांत ही दोघंच उरली. ती रोवणी करी, तो बैल सांभाळी, आणि दिवसभर दोघांची बडबड चाले. रुखमिणीला मूलबाळ नव्हतं. पण घर रिकामं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

दिवाळीनंतर तुलारामचं पोट दुखू लागलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सरळच सांगितलं. पोटातली गाठ पसरली आहे. नागपूरला पोट उघडून पाहतील, त्याने महिना-दोन महिने वाढले तर वाढतील, पण तेही बहुतेक नळ्या लावून खाटेवरच जातील. याला काही कळत नाही, तेव्हा ठरवायचं तुम्हाला. परतीच्या एस.टी.त तुलाराम खिडकीशी बसून मजेत फुटाणे खात होता आणि रुखमिणी त्याच्याकडे बघत होती.

गावाला मात्र दुसरंच दिसत होतं. अर्धं वावर तुलारामच्या नावावर; तो गेला की रान मोकळं, म्हणून ही बाई त्याला नागपूरला नेत नाही, असं पाणवठ्यावर बोललं जाई. सोमाजी स्वतः तसं बोलले नव्हते, पण बोलणाऱ्यांना त्यांनी गप्पही केलं नव्हतं. घरी ठेवला तर हा बट्टा जन्मभर राहणार, हे रुखमिणीला ठाऊक होतं. पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, तो त्या खाटेवर काय काय सोसत राहील? प्रत्येक सुईला हा हसून हो म्हणेल. या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

"त्याच्या तोंडाले इचारू नका, मामाजी," ती म्हणाली. "मी इचारतो तसं पाहा."

तिने बैल जुंपून रेंगी अंगणात आणवली आणि तुलारामपुढेच त्याच्या कपड्यांची पिशवी भरली. नागपूरला डॉक्टर पोट कापणार, पुष्कळ दिवस निजून राहावं लागणार, मी सोबत असणार, असं काही न लपवता त्याला समजावून सांगितलं. "चाल, बस."

"बसतो," तुलाराम म्हणाला आणि बैलाची मान खाजवू लागला. पुन्हा म्हटलं तर पुन्हा "बसतो," आणि बैलांसाठी तणीस आणायला गेला. मग पाणी आणलं. मग चाकाभोवती फिरून आला. शेवटी काही उपाय उरला नाही तेव्हा त्याने सोमाजींची पिशवी उचलून रेंगीत ठेवली आणि म्हाताऱ्याला चढायला मदत म्हणून अदबीने हात पुढे केला. पाहुणे हसून हसून लोळले.

"बरं, राहू दे," रुखमिणी म्हणाली. "पट पाहाले येतं का?"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुलाराम रेंगीत चढून कासरा धरून बसला होता.

सोमाजींनी रेंगीतली आपली पिशवी उतरवून घेतली. मग हळूच विचारलं, "आन लय दुखलं त?"

तेही तिने डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. दुखणं मारायचं इंजेक्शन कंपाउंडर गोपीचंद घरी येऊन देणार होता. मागेल ते खाऊ घालायचं. खाट बोडी दिसेल अशी ओसरीवर टाकायची आणि जवळ सदा कोणीतरी बसायचं. "पण मी एकटी नाई पुरत, मामाजी. मले तुमी सारे पायजे."

"सकाळची पाळी माही," सोमाजी म्हणाले.

पटावर तुलारामने धमाल उडवली. धुळीचा लोट उठवत जोड्या सुटत आणि तो सोमाजींच्या खांद्याला धरून उभा राही. पुढची जोडी आली तरी "जिंकला," मागची आली तरी "जिंकला." हरलेल्या जोड्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांना एवढी शाबासकी बापजन्मी मिळाली नसेल. जिलेबी खाल्ली, ओकला, तोंड धुऊन पुन्हा मागितली. रुखमिणीनेही दिली. त्या दिवशी ती पोटभर हसली.

पुढे घराघरातून माणसं पाळीपाळीने येऊन बसू लागली. तुलारामचं हसू आणि कण्हणं दोन्ही त्यांनी जवळून पाहिलं; वावराचा विषय मग कोणी काढला नाही.

शिमग्याच्या आधीची एक सकाळ. सोमाजी खाटेशी बसून आपल्या जवानीतल्या पटाची गोष्ट सांगत होते. तुलारामचा हात त्यांच्या हातात होता. रुखमिणी चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. तुलारामचं तोंड बोडीकडे होतं आणि छाती हलत नव्हती. सोमाजींची नजर दूर होती, त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांच्या गोष्टीतली जोडी आता कुठे निम्म्या पटात आली होती.

रुखमिणीने त्यांना अडवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं. जोडी धावत आली, बाकीच्या मागे पडल्या, लोकांनी टोप्या उडवल्या.

"आन जिंकला ना बा तुहा काका," सोमाजी म्हणाले.

मग तिने चहा खाली ठेवला.