मधल्या थराची साक्ष

पापुद्रेबुवा हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. कामच तसं होतं. पोलादी टाकी संगणकात उभी करायची, तर पत्र्याची जाडी चितारत कशाला बसा? कागदासारखा पापुद्रा घ्यायचा, जाडी आकड्यात सांगायची, भार द्यायचा आणि ताण रंगांत बघायचा. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका.

बुवांची दुधाची चौकोनी टाकी निळीशार आली. इतकी निळी, की बुवांना चेव चढला. पत्रा पातळ केला, भिंतींना आधार देणाऱ्या पट्ट्या काढल्या, तरी निळीच! पोलाद वाचलं, ऑफिसच्या प्रमुख मॅडम खूश. आज दुपारी मॅडमची सही, मग पत्र्याची कापणी आणि बुवांना गटप्रमुखाची खुर्ची. त्या खुर्चीत रेलायचं कसं, याचा सराव बुवांनी आरशासमोर केव्हाच उरकला होता.

सकाळी त्यांनी बायकोला मोबाइलवर टाकीचं चित्र दाखवलं.

"बघ, अंगावर ताण म्हणून नाही!"

"अहो, पण हिचं पोट केवढं सुटलंय!"

"ते चित्रात मुद्दाम वाढवून दाखवतात."

"हो, हो. तुमचाही शर्टच आटतो."

बुवा हसले. जिना उतरेपर्यंत हसत होते. रस्त्यावर आल्यावर हसू थांबलं. चित्रात वाढवलेलं खरं, पण मुळात होतं किती? निळ्या रंगावर भाळून त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

ऑफिसात जाऊन आकडा काढला. भिंत चांगली अंगठाभर फुगत होती. एवढी वाकते आणि कण्हतसुद्धा नाही? बुवांनी चित्राची सेटिंग तपासली: निळा रंग फक्त पत्र्याच्या मधल्या थराचा होता. पत्रा वाकला की त्याचं एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं, आणि मधला थर दोन जावांच्या भांडणात पेपर वाचणाऱ्या सासऱ्यासारखा स्वस्थ असतो. बुवा इतके दिवस त्या सासऱ्यालाच विचारत होते, "घरात सगळं ठीक ना?"

त्यांनी बाहेरचा थर उघडला. मिरचीसारखा लाल. आतला उघडला. तोही लाल. आणि अशा वेळी डोक्यात ओवी सुचावी, असं हे बुवांचं डोकं:

*आत दुधाचा गं रेटा, बाहेर मोकळा गं वारा,*
*मधे शहाणा पापुद्रा, म्हणे सुखात संसार सारा!*

गप्प बसलं तर? सही होईल, खुर्ची मिळेल. पण टाकीच्या भिंतीलगत डेअरीतल्या बाया कॅन धुणार होत्या. नकाशात त्यांची जागा बुवांनीच आखली होती. ते उठले.

मॅडमच्या हातात उघडं पेन होतं. "या बुवा, तुमचंच कौतुक चाललंय."

"मॅडम, सही करू नका. टाकी फाटेल."

"काल तर म्हणालात, वर हत्ती नाचवा."

"काल मी फक्त मधला थर बघितला होता."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या टक्‌ आवाजात खुर्ची गेल्याचं बुवांना कळलं.

"नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवता हो तुम्ही?"

"पत्र्याची दोन्ही अंगं बघा, म्हणून."

"छान शिकवता. खुर्चीचं पुढं बघू. आधी कापणीवाल्यांना फोन लावा. माझ्या सहीसाठी थांबणाऱ्यांतले नाहीत ते."

मशीनच्या घरघरीत मिस्त्रींनी फोन उचलला. बुवांनी घसा खाकरला. कबुलीची भारदस्त वाक्यं त्यांनी वाटेतच जुळवली होती.

"मिस्त्री, कापू नका. पत्रा जाड लागणार, पट्ट्याही परत येणार. चूक सर्वस्वी माझी आहे. मी फाजील आत्मविश्वासाच्या आहारी जाऊन..."

"साहेब, मशीन थांबवलंय मी. कुणाची चूक ते राहू द्या. जाड म्हणजे किती, ते सांगा."

बुवांनी एवढी सुंदर माफी तयार केली, पण आकडा काढलाच नव्हता.

"मोजून सांगतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवून मुकाट्यानं संगणकाकडे वळले.